भांगातली पांढरी रेघ

पडावात राहणाऱ्या आणि सकाळी फुलबागेकडे फिरावयास जाणाऱ्या माणसाला झाशीच्या राणीच्या समाधीचे फारसे अप्रूप उरत नाही. अश्वारूढ पुतळ्याला हात जोडावेत, एक फेरी मारावी आणि दुधाच्या पिशव्या घेऊन घरी परतावे, असा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. गेल्या ज्येष्ठातल्या एका सकाळी मात्र मी त्या पुतळ्यापुढे नेहमीपेक्षा अधिक वेळ उभा राहिलो. मनात विचार होता तो तलवारीचा नव्हे, घोड्याचाही नव्हे; केसांचा होता. त्याचे कारण आदल्या रात्री घरात घडले होते.

आमच्या सौभाग्यवतींनी केसांना कलप लावणे सोडून दिल्याचे त्या रात्री जाहीर केले.

वाचकहो, एवढ्याशा गोष्टीवर लेख काय लिहायचा, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले असते. परंतु मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरलेले, म्हणजे हाताशी जेमतेम सहा महिने. घरात पत्रिकेच्या मजकुरापासून मुंडावळ्यांपर्यंत सर्व विषयांवर एकमत झालेले असताना या एका विषयाने घराचे दोन तट पाडले. एका तटावर सौ. एकटी; दुसऱ्यावर माझी आई, माझी इंदूरची बहीण, शेजारच्या दोन भाभीजी आणि, लपवून काय उपयोग, मीसुद्धा.

कारण तसे प्रकृतीचे होते. बावीस वर्षे दर तिसऱ्या रविवारी जुने पातळ खांद्यावर टाकून, हातांत मोजे घालून ती कलप लावीत असे. गेल्या वर्षापासून कानामागे खाज सुटू लागली, पुढे कपाळावर चट्टे उठले. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितले की, बहुतेक काळ्या कलपांत पॅराफेनिलिनडायमाइन नावाचे द्रव्य असते, काहींच्या कातडीला ते सोसत नाही, आणि पुष्कळ वर्षे सोसल्यावरही एखाद्या दिवशी सोसेनासे होते. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते त्यातही पुष्कळदा हेच मिसळलेले असते. निव्वळ मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस येतो, काळा कधीच येत नाही. कलप लावण्यापूर्वी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी, अशी सूचना वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली असते. आमच्या घरी ती बावीस वर्षांत कोणी वाचली नव्हती. डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारचा कलप सुचवला. सौ. म्हणाली, “दुसरा नको आणि तिसराही नको. आता पुरे.”

“निदान कार्य उरकेपर्यंत तरी थांब,” मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारले याची मला आज लाज वाटते. ज्याने ऐन तारुण्यात आगरकरांच्या निबंधांवर पानेच्या पाने लिहून मराठीची एम. ए. पदवी मिळवली, त्याच्या तोंडचे हे वाक्य! माझे स्वतःचे केस पंचेचाळिशीतच पिकले. मुख्याध्यापकपदाची बढती मिळाली तेव्हा सहकारी म्हणाले होते, “सर, अब आप सचमुच हेडमास्टर लगते हैं.” त्या पांढऱ्या केसांनी मला न मागता वजन मिळवून दिले. तिच्या भांगात मात्र बोटभर पांढरी रेघ दिसताच जिन्यात भेटलेल्या भाभीजींनी विचारले, “तबीयत तो ठीक है न?” घरी येऊन तिने मला एवढेच विचारले, “अहो, तुमचे पिकले तर तो अनुभव, आणि माझे पिकले तर आबाळ, होय ना?” मी वर्तमानपत्र उचलले.

खरे पाहता केस पिकणे ही काही व्याधी नव्हे. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. वयोमानाने त्या थकतात आणि मग मुळातून येणारा केस बिनरंगाचाच उगवतो. कातडीबाहेर आलेला केस निर्जीव, त्याचा रंग आपण होऊन बदलत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ज्या बाईचे केस कंबरेपर्यंत आहेत, तिने आज कलप सोडला तर वर्षभराने टाळूपासून चार-पाच बोटे रुपेरी आणि खाली कंबरेपर्यंत काळेकुट्ट, पुढे तांबडे पडत गेलेले, असा दुरंगी कारभार कित्येक वर्षे चालणार. या दुरंगीपणालाच बायका भितात. २०२० साली टाळेबंदीत सर्वत्र केशकर्तनालये बंद पडली, तेव्हा देशोदेशीच्या अनेक स्त्रियांनी हा अवघड काळ घराच्या चार भिंतींत काढून टाकला. कॅनडातील दूरदर्शनवरच्या नामवंत वृत्तनिवेदिका लिसा लाफ्लाम यांनीही त्याच वर्षी कलप सोडला; २०२२ साली वाहिनीने त्यांना दूर केले, तेव्हा या पांढऱ्या केसांचा संबंध त्याच्याशी जोडून मोठा गदारोळ झाला. कंपनीने तो केवळ व्यावसायिक निर्णय असल्याचे सांगितले. तिकडे ही कथा, मग पडावात काय होणार!

आमच्या सौभाग्यवतींनी दुरंगी कारभारावर सोपा उपाय काढला. श्रावणात एका दुपारी ती केस कापून आली. कंबरेपर्यंतचा शेपटा गेला, मानेपर्यंतचे केस उरले. अर्धे पांढरे, अर्धे काळे, आणि (हे मला प्रथमच दिसले) चक्क कुरळे. इतकी वर्षे तेल आणि घट्ट वेणी यांच्या दाबाखाली ते कुरळेपण दडपून गेले होते.

आई देवघरातून बाहेर आली, तिने पाहिले, आणि पदर तोंडाला लावून ती खाली बसली. मला वाटले रागावली. ती रडत होती.

आता आत्याबाईंविषयी सांगितले पाहिजे. आत्याबाई म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. घरात लहानथोर सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी लष्करातल्या वाड्यात परतल्या, त्या १९७९ साली गेल्या तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. मी त्या वेळी दहा वर्षांचा. अंगावर लाल अलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि पदराखाली तुळतुळीत डोके: हे रूप मला जन्मापासून परिचित असल्यामुळे त्यात काही विपरीत आहे, हे मला ठाऊकच नव्हते. दुपारी जेवणे आटोपली की त्या ओसरीवर फणी घेऊन बसत आणि घरातल्या व शेजारच्या मुलींना एकेक करून पुढ्यात घेत. तिपेडी, पाचपेडी, खजुरी, मोठ्या मुलींना खोपा, लग्नघर असले तर अंबाडा. त्यांना येत नाही अशी वेणी नव्हती. त्यांचा हात हलका, गुंता असा सोडवीत की मुली डुलक्या घेत. शिकेकाई, रिठे, आवळकाठी यांचे प्रमाण त्यांच्याकडूनच सगळ्यांनी घेतले. राखडी कुठे बसवायची, केवडा कुठे, मूद कोणत्या अंगाला कललेली हवी, हेही त्याच सांगत. सणावाराला गजरा माळायची वेळ आली की मात्र तो आईच्या हातात देऊन म्हणत, “हे तू माळ गं.”

१९६४ साली आई या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिच्यावर सोपवलेल्या कामांपैकी एक काम असे की, पंधरा दिवसांनी म्हातारा नाऊ मागील दाराने येई त्या वेळी न्हाणीघराचे दार ओढून घेऊन बाहेर उभे राहायचे, आणि कोणी पोर तिकडे जाणार नाही हे पाहायचे. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे. “वस्तऱ्याचा आवाज ऐकू येई रे,” आई त्या दुपारी मला म्हणाली. “पंधरा वर्षं ऐकला मी तो. नंतर आत्याबाई आंघोळ करून बाहेर येत आणि मलाच विचारत, चहा टाकतेस का. आणि ही हौसेनं कात्री लावून आली!”

माझ्या वडिलांनी आत्याबाईंना वपन बंद करण्याविषयी एकदा नव्हे, अनेकदा सांगितले होते. काळ पालटला होता, कोणी नावे ठेवणार नव्हते. आत्याबाईंनी ऐकले नाही. “केस ठेवले तर माझ्या हातचा सोवळ्यातला स्वयंपाक कोण घेईल?” असा त्यांचा सवाल होता. सकेशा विधवेच्या हातचा नैवेद्य चालत नसे, श्राद्धाचे पान चालत नसे. आणि त्या घरात आत्याबाईंचा जो काही अधिकार होता तो चुलीपाशीच होता. तो सोडून नुसते केस घेऊन त्या काय करणार? आम्ही शिकली-सवरली माणसे अशा स्त्रियांची कीव करून मोकळे होतो. त्यांनी आपल्या वाट्याला आलेल्या तुटपुंज्या भांडवलाचा हिशेब किती काटेकोर ठेवला होता, इकडे आमचे लक्ष जात नाही.

या चालीला शास्त्राधार तरी केवढा? विधवेच्या वेणीने परलोकी पतीला बंधन पडते, अशा अर्थाचे काशीखंडातले एक वचन त्यासाठी पुढे केले जाई. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाची छाननी करून ही चाल उत्तरकालीन असल्याचे आणि तिला वेदांचा किंवा प्राचीन स्मृतींचा आधार नसल्याचे दाखवून दिले आहे. परंतु चाल मोडायला नुसते ग्रंथ पुरत नाहीत. आगरकरांनी १८८८ पासून ‘सुधारका’तून या क्रौर्यावर कोरडे ओढले. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूवर गुदरलेला तो प्रसंग लिहिला आणि ‘करमणूक’च्या वाचकांना हुंदके आवरेनात. पण मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती १८९० सालची मुंबईतली नाभिकांची सभा. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ती भरली, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय नाभिकांनी तीत केला. ज्यांची त्यावर रोजी होती त्यांनीच हत्यार खाली ठेवले! आमच्या वाड्याच्या मागील दाराशी येणाऱ्या त्या म्हाताऱ्या नाऊच्या कानांवर ही वार्ता कधी गेली असेल का, असे मनात येते. आई सांगते की, तो वर मान करून कधी बघत नसे.

राणीच्या समाधीपुढे मी उभा होतो तो या संदर्भात. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव गेले. राणी कऱ्हाडे ब्राह्मण कुळातली विधवा. त्या काळी तिचे वपन होणे हेच सर्वांनी गृहीत धरले असणार. ते झाले नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील यज्ञाच्या आशेने उत्तरेत आले, बंडाच्या वणव्यात सापडले, आणि झाशीत राणीला त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात, ती कधी पुरुषी वेष करीत असे, कधी लुगडे नेसत असे, हे तर आहेच. पण केस ठेवल्याबद्दल ती नित्य प्रायश्चित्त घेत असे, अशीही नोंद आहे. एम. ए. च्या वर्षी मी ते पुस्तक गद्यशैलीच्या दृष्टीने वाचले होते, आणि ही नोंद माझ्या डोळ्यांखालून तशीच निघून गेली होती. केस ठेवायचे आणि त्याचा दंडही रोजच्या रोज भरायचा! किल्ल्याच्या तटावर तोफा चढवणाऱ्या बाईलाही हा दंड चुकला नाही. १८५८ च्या जूनमध्ये ती इथे, आमच्या वस्तीत, बाबा गंगादासांच्या मोठ्या शाळेच्या आवारात चितेवर चढली. (बाहेरगावच्या पाहुण्यांना ही विद्यार्थ्यांची शाळा वाटते आणि ते मला तिथला मुख्याध्यापक समजतात, ती साधूंची शाळा आहे.)

आईने सौभाग्यवतींशी बोलणे सोडले नाही, पण ती तिच्या डोक्याकडे पाहीनाशी झाली. पाहायचे झाल्यास खांद्यापर्यंत पाही. मला दुसरे काही सुचेना, म्हणून कपाटातले पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ काढले आणि दुपारी आईला वाचून दाखवू लागलो. पार्वतीबाई मूळच्या देवरुखच्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी. तरुणपणी वैधव्य आले, वपन झाले. पुढे हिंगण्याच्या आश्रमात राहून त्यांनी वर्गणीसाठी गावोगाव पायपीट केली, १९१८ मध्ये इंग्रजी पुरते येत नसताना अमेरिकेला गेल्या. आश्चर्य असे की, सुधारकांच्या आश्रमात काम करीत असूनही कितीतरी वर्षे त्यांनी वपन चालूच ठेवले होते, आणि चाळिशी उलटल्यावर एके दिवशी ठरवून ते बंद केले. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे बायका पहिला पांढरा केस उपटून टाकतात, त्या वयात या बाईने केस वाढवण्यास प्रारंभ केला. लोकांनी बोल लावले, ते त्यांनी ऐकून घेतले.

आई ऐकत असे, मध्येच वाती वळणे थांबवीत असे. एका दुपारी म्हणाली, “आत्याबाईंचेसुद्धा पांढरेच आले असते, नाही? कुणी पाहिलेच नाहीत.” मग पुन्हा वाती वळू लागली.

या सुमारास शाळेतही एक प्रकरण माझ्यापुढे आले. नववीतल्या एका मुलीला वर्गशिक्षिका माझ्या खोलीत घेऊन आल्या. केस दाट आणि कमालीचे कुरळे. दोन वेण्या घातल्या तरी दुपारपर्यंत कपाळाभोवती मोकळे होणारे. शिक्षिकांची तक्रार अशी की, मुलगी झिपऱ्या घेऊन शाळेत येते. मुलीने सकाळी पाणी, मग तेल, मग पुन्हा पाणी लावून ते केस डोक्यावर चोपलेले होते. मानेवरून तेल ओघळत होते. आपल्या जुन्या कवींनी कुरळ्या कुंतलांची स्तुती करता करता लेखण्या झिजवल्या आणि आपण घरोघर त्यांनाच झिपऱ्या म्हणत आलो. ‘दो चोटी, लाल रिबन’ ही सूचना दर जुलैत माझ्याच सहीने फळ्यावर लागत असे. पुढच्या सूचनेत मी ‘बाल बँधे और साफ़ हों’ एवढेच लिहिले. शिक्षिका आठवडाभर माझ्याशी तुटक वागल्या. त्यांचेही सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. साठ मुलींच्या वर्गात उवांचा बंदोबस्त त्यांनाच करावा लागतो, मला नव्हे. तरी ती मुलगी आता केसांना एकच जाड बंधन बांधून येते आणि तिच्या वहीवर तेलाचे डाग नसतात.

मार्गशीर्ष आला. इंदूरची बहीण आली ती सामानात कलपाची पेटी घेऊनच. “वहिनी, एक रात्र. फोटोपुरता.” सौभाग्यवतींनी पेटी घेतली आणि कपाटात ठेवून दिली. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी मी बैठकीतून आत डोकावलो तो माजघरात आई पाटावर बसलेली, सौ. तिच्यापुढे पाठ करून, आणि आईच्या हातात ती जुनी शिसवी फणी. आत्याबाईंची. इतकी वर्षे आईने ती ठेवली होती, हे मला माहीत नव्हते. “एवढेसे केस, यात गजरा राहायचा कसा?” असे पुटपुटत आई आकड्यांवर आकडे खोचत होती. शेवटी राहिला.

व्याह्यांकडच्या मंडळींपैकी कोणी काही बोलले नाही. नवरदेवाच्या एक मावशी, वय पन्नाशीच्या घरातले, सौभाग्यवतींना पंगतीनंतर बाजूला घेऊन बराच वेळ काही विचारीत होत्या. मी समजलो, देण्याघेण्याचे काही राहिले असेल. नंतर कळले, पूर्ण पांढरे व्हायला किती महिने लागतात, हे त्या विचारीत होत्या.

महिन्याभराने छायाचित्रकाराकडून अल्बम आला. त्याने आपण होऊन, कोणी न सांगता, दोन मोठ्या छायाचित्रांत वधूमायेचे केस काळे करून टाकले होते. संगणकावर हे काम आता चुटकीसरशी होते म्हणे. सौ. म्हणाली, “परत द्या त्याला.” मी दुकानात गेलो. त्याला फार वाईट वाटले. त्याने ते हौसेने केले होते, त्याचे वेगळे पैसेही लावले नव्हते. दोन्ही छायाचित्रे त्याने जशी होती तशी पुन्हा छापून दिली, ती अल्बमात लागली. काळ्या केसांची दोन आईने मागून घेतली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. “असू देत,” म्हणाली, “तीही चांगलीच आलीत.”